सासूबाईंचा मेंदू आणि माझी आठ पेनं

गेल्या वर्षी माझं पित्ताशय काढलं. सासूबाईंचंही असंच काढावं लागलं होतं. आमच्या घरात खडे सासूकडून सुनेकडे आले आणि दागिने नणंदेकडे गेले, असं मी ऑपरेशनच्या आदल्या दिवशी भेटायला आलेल्या नणंदेलाच ऐकवलं. ती म्हणाली, "वहिनी, थोडी भूल जिभेलाही द्यायला सांगा."

इस्पितळ खराडीत. सगळ्या इमारती काचेच्या, त्यामुळे कंपनी कुठली आणि इस्पितळ कुठलं हे आत जाऊन वास घेतल्याशिवाय कळत नाही. टेबलावर आडवी झाले तेव्हा भूल देणारी डॉक्टर पुढे आली. माझ्या नातीच्या वयाची. तिने माझ्या कपाळावर एक चिकट पट्टी लावली.

"आजी, ही राहू दे हं. तुमचा मेंदू किती गाढ झोपलाय ते स्क्रीनवर दिसतं ह्याने."

"झोपत नाही तो," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"झोपलेल्या माणसाला चिमटा काढला तर तो उठतो. तुम्ही पोट कापलंत तरी मी उठणार नाही. ती झोप कशी?"

ती हसली. "तुम्ही डॉक्टर आहात का?"

"नाही गं. पण तुझ्या ह्या पट्टीची पणजी मी चालवलेली आहे. एकदा माझ्या सासूबाईंना अशीच भूल दिली होती, तेव्हा..."

पुढचं सगळं मी व्यवस्थित सांगितलं, अशी माझी समजूत. ती नंतर म्हणाली, 'तेव्हा'च्या पुढे तुम्ही गेलाच नाहीत. तर टेबलावर अर्धी राहिलेली ती गोष्ट इथे पुरी करते.

सत्तरच्या दशकात मी पुण्यातल्या एका इस्पितळात मेंदूचे आलेख काढायची नोकरी करत असे. फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाले होते आणि त्याचा मला फार माज होता. तेव्हाची मी आज दारात आली तर मी तिला चहासुद्धा विचारणार नाही. समोरच्याचं वाक्य मधे तोडायचं, अर्धं वाचलेलं पूर्ण समजलं म्हणून सांगायचं, आणि कोणी शंका काढली तर भुवया उंचावायच्या. पुण्यात हा आजार साथीचाच आहे, पण माझा जरा बळावलेला होता.

मशीन लिहायच्या टेबलाएवढं मोठं. त्याला आठ पेनं. शाईची, बारीक, सुईसारखी. पेशंटच्या डोक्यावर रबरी पट्ट्यांची जाळी बसवायची, तिच्याखाली मिठाच्या पाण्यात भिजवलेले धातूचे बिल्ले दाबायचे, आणि मग मेंदूतल्या विजेच्या तालावर ती पेनं सरकत्या कागदावर हलू लागायची. वीज इतकी बारीक की छताचा पंखा चालू असला तर पेनं मेंदूचं सोडून पंख्याचंच ऐकत बसायची. बायकांच्या डोक्याला तेल असलं की बिल्ले घसरायचे. म्हणून मी आधी स्पिरिटने भांग पुसून घेई आणि वर एक व्याख्यान देई. शाईचे डाग माझ्या सगळ्या साड्यांच्या निऱ्यांवर होते. ते मी मुद्दाम धूत नसे.

गल्लीतल्या बायका विचारायच्या, "ह्यात मनातलं कळतं का गं?" सरळ 'नाही' म्हणायचं सोडून मी नुसती हसायची. त्यामुळे भिशीला माझ्या शेजारी बसायला कोणी तयार नसे.

आमच्या इस्पितळातले भूल देणारे डॉक्टर पन्नाशीचे होते. बोलणं मोजकं, पण जेवढं बोलत तेवढं झोंबणारं. एकदा त्यांनीच मशीन ऑपरेशन थिएटरमध्ये आणायला सांगितलं. भूल चढताना मेंदू काय करतो ते त्यांना बघायचं होतं. मला ते माहीतच होतं. बटण बंद केल्यावर दिवा जातो तसा मेंदू बंद होणार, आठ सरळ रेषा येणार, आणि मी 'बघा' म्हणणार.

शिरेतून औषध गेलं. आधी पेनं बारीक, घाईघाईने थरथरली. पेशंट गप्प झाला. आणि मग सरळ रेषा येण्याऐवजी पेनं अशी उसळली की एकमेकांवर आपटतात की काय असं वाटलं. मोठाल्या, संथ, एकामागून एक लाटा. मी मशीनला चापट मारली.

"मशीन बिघडलंय, डॉक्टर."

"असं तुम्हाला वाटतं," ते म्हणाले.

त्यांनी भूल आणखी थोडी खोल नेली. तेव्हा मात्र रेषा खरंच सपाट झाल्या. मग एकदम लाटांचा एक झुबका उठला, पुन्हा सपाट. पुन्हा झुबका. त्या सपाट तुकड्यात मी डॉक्टरांची बाही धरली. "गेला का हो?"

"आहे. जरा खोल आहे. बाही सोडा."

त्या लाटा मला बरीच वर्षं समजल्या नाहीत. आता कळतात तशा सांगते. शाळेच्या मैदानावर मधली सुट्टी चालू असते तेव्हा प्रत्येक पोर काहीतरी वेगळं ओरडत असतं. लांबून ऐकलं तर नुसता बारीक, वेडावाकडा गोंगाट. जागा मेंदू असा असतो. म्हणून त्याची रेष लहान आणि खडबडीत. मग शिट्टी होते, कवायत सुरू होते, सगळे पाय एकदम पडतात. आवाज केवढा मोठा! पण कोणी कोणाला काही सांगत नसतं. भुलीतल्या मोठ्या लाटा म्हणजे ती कवायत. मेंदू बंद पडलेला नसतो, त्याच्यातलं बोलणं बंद झालेलं असतं. 'मी' नावाचं जे काही आहे ते बहुतेक त्या मधल्या सुट्टीच्या गोंगाटातच राहतं.

हे तेव्हा कळलं असतं तर सासूबाईंच्या वेळी मी कमी शहाणपणा केला असता.

सासूबाईंना खडे झाले, दुखणं वाढलं, ऑपरेशन ठरलं. त्या तयार होईनात. मी रोज समजवायची, की काही नसतं त्यात, नुसती झोप, गाढ झोप. त्यांना मरणाची भीती नव्हती. भीती वेगळीच होती, आणि ती त्यांनी मला मी पोळ्या लाटताना सांगितली.

"भुलीत माणूस बडबडतं म्हणतात."

"काहीतरीच काय, आई."

"पलीकडच्या काकूंच्या जावेने नवऱ्याला नावाने हाका मारल्या म्हणे. एकेरी. सगळ्या वॉर्डाने ऐकलं."

माझ्या सासूबाईंनी मामंजींचं नाव कधीही घेतलेलं नव्हतं. लग्नात आणि हळदीकुंकवाला उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. एरवी 'इकडे', 'तिकडे' आणि फार राग आला तर 'ह्या घरात'. रेशनच्या दुकानात पूर्ण नाव विचारलं की त्या मला पुढे ढकलायच्या, "सांग गं." मला ते सगळं हास्यास्पद वाटे. मी लग्नाच्या दुसऱ्या दिवशी नवऱ्याला तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून नावाने हाक मारली होती. भाजी विसरला म्हणून नव्हे, सासूबाईंनी ऐकावं म्हणून. केवढी ती समाजसुधारणा! नवरा कोथिंबीर घेऊन आला, एवढंच तिचं फळ.

"तुझ्या त्या मशीनला कळतं का," सासूबाईंनी विचारलं, "औषध पुरतं उतरलंय की नाही ते?"

"हो, कळतं की."

"मग ठीक आहे," त्या म्हणाल्या, आणि उठून देवाजवळ गेल्या. पोळी तव्यावरून उतरेपर्यंत मी ते विसरूनही गेले होते.

ऑपरेशनच्या सकाळी त्यांनी न्हाऊन डोक्याला भरपूर तेल लावलं, पुढे किती दिवस कोण लावणार म्हणून. थिएटरमध्ये नेताना कवळी काढून मामंजींच्या हवाली केली. मामंजी बाहेर बाकावर कवळीचा डबा मांडीवर ठेवून, त्यावर वर्तमानपत्र पसरून बसले.

ऑपरेशन नीट झालं, पण मधे काही वेळ रक्तदाब बराच खाली गेला होता. दुपार झाली. सासूबाईंना वॉर्डात पडद्याआड आणून ठेवलेलं. नाडी चांगली, श्वास चांगला. चिमटा काढला की हात मागे घेत. पण डोळे मिटलेले, आणि बोलत नव्हत्या.

"बाई, ऐकू येतंय का? पूर्ण नाव सांगा," डॉक्टर म्हणाले.

काही नाही.

"बाई, पूर्ण नाव."

काही नाही. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "एवढ्या वेळात बोलायला हव्या होत्या. रक्तदाब उतरला तेव्हा मेंदूच्या बोलण्याच्या भागाला काही झालं नसेल ना, ते बघायला हवं. तुमचं मशीन आणा."

त्या माणसाने 'नसेल ना' म्हटलं तेव्हा मी घाबरले. ते कधी असं बोलत नसत. सासूबाईंची जीभ ही आमच्या घरातली सगळ्यात जिवंत वस्तू. ती गेली तर उरणार काय? आणि 'नुसती झोप' म्हणून त्यांना इथवर आणलं होतं मीच.

मशीन ढकलत वॉर्डाच्या दाराशी आले तेव्हा तिथे येऊन बसलेल्या मामंजींनी विचारलं, "बोलली का?"

"अजून नाही."

"माझ्यावर रागावली की असंच असतं," ते म्हणाले. मग डबा जरा जवळ ओढून म्हणाले, "पण तेव्हा भांडी बोलतात."

सासूबाईंच्या केसांतलं तेल पुसताना मी त्या दिवशी व्याख्यान दिलं नाही. बिल्ले बसवले, पंखा बंद केला, कागद सोडला. कपाळावरच्या बिल्ल्यांची पेनं मोठी, संथ हेलकावे घेऊ लागली. कानशिलाजवळची पेनं तर एकाच जागी इतकी दाट हलत होती की कागदावर काळा पट्टाच उमटला.

"डॉक्टर, पुढच्या भागात मोठ्या संथ लाटा आहेत," मी म्हटलं. "मेंदू अजून भुलीतून परतलेला नाही. आणि हे कडेला काळं आहे ते... फिट असेल."

डॉक्टरांनी कागदाकडे बघितलंसुद्धा नाही. ते सासूबाईंवर वाकले. "बाई, पूर्ण नाव सांगा."

कपाळाची पेनं लगेच उसळली.

"सांगा, पूर्ण नाव."

पुन्हा उसळली. अगदी शब्दाला शब्द.

"बाई," डॉक्टर म्हणाले, आणि ह्या वेळी ती बाई मी होते, "तुम्ही मघापासून कागद बघताय. पेशंट इकडे आहे."

मी मान वर केली. सासूबाईंच्या मिटलेल्या पापण्यांखाली बुबुळं वर गेली आणि खाली आली. ते वर जाणं मी ओळखत होते. मी पोह्यांत मीठ जास्त घातलं की ती अशीच वर जायची. डोळा ही स्वतःच एक चिमुकली बॅटरी असते. तो फिरला की कपाळाची पेनं हेलकावतात. हे मी पहिल्या आठवड्यात शिकले होते, आणि इतरांना शिकवतही होते. कानशिलाजवळचा काळा पट्टा म्हणजे आवळलेला जबडा. दात नव्हते, तरी हिरड्यांवर हिरड्या घट्ट दाबून त्या पडल्या होत्या. फिटबिट काही नाही. मी जिला मेंदूची नासाडी समजत होते, ती सासूबाईंची नापसंती होती.

मग मी मागच्या बाजूची पेनं बघितली, जी आधी बघायला हवी होती. डोळे मिटून जागं असलेल्या माणसाच्या डोक्याच्या मागच्या भागात एक नेटकी, सारख्या अंतराची लहर येते. ती होती. थोडी सुस्त, अधूनमधून तुटणारी, पण होती. आणि नाव विचारलं की ती विरायची, थोड्या वेळाने परत यायची. लक्ष गेलं की ती अशी विरते. म्हणजे त्यांना ऐकू येत होतं. प्रत्येक वेळी येत होतं.

मग का बोलत नाहीत? आणि तेव्हा मला तव्यावरची पोळी आठवली. औषध उतरल्याचं मशीनला कळतं, असं मी त्यांना सांगितलं होतं. त्या मशीनची वाट बघत होत्या आणि मशीन त्यांची.

मी कानाशी वाकले. "आई, औषध उतरलंय. मशीन सांगतंय."

एक डोळा उघडला.

"मग इतका वेळ काय करत होतीस?" दातांशिवाय सगळं फसफसत होतं, पण शब्दन् शब्द कळला.

डॉक्टरांनी खुर्ची ओढली आणि बसले. बराच वेळ उभे होते ते. "छान," म्हणाले. "आता एकदा पूर्ण नाव सांगा, म्हणजे मी सुटलो."

जबडा पुन्हा मिटला. कानशिलाच्या पेनांखालचा कागद पुन्हा काळा झाला.

ह्या वेळी मी कागदाकडे न बघता म्हटलं, "डॉक्टर, पूर्ण नावात मधे मामंजी येतात."

डॉक्टर माझ्याकडे वळले. मग हळूच म्हणाले, "आमची आईसुद्धा मलाच पुढे करायची."

"आई," मी म्हटलं, "उखाण्यात घ्याल?"

त्यांनी विचार केला. मागची लहर विरली, हे मी आपलं सवयीने बघितलं. "कवळी आण आधी," त्या म्हणाल्या.

मामंजी डबा घेऊन पडद्याच्या आत आले. सासूबाईंनी कवळी बसवली, पदर नव्हता तर चादर खांद्यावर ओढली, आणि डॉक्टरांकडे बघून नाव घेतलं:

"परसात केळ, दारात तुळस, जात्याची घरघर पहाटे,
अमुकरावांचं नाव घेते, डॉक्टर, पुन्हा विचारू नका वाटेवाटे."

अमुकराव त्या म्हणाल्या नाहीत, खरं नाव म्हणाल्या. पण ते त्यांनी इतकं जपलं, ते मी इथे लिहून टाकणार नाही. त्या क्षणाचा आलेख वाचण्यासारखा नव्हता. जीभ, जबडा, डोळे, सगळी पेनं सैरावैरा. कोणालाही त्यातून काही सिद्ध करता आलं नसतं.

डॉक्टर मामंजींकडे वळले. "आधीसारख्याच बोलतायत ना? तुम्हाला काही फरक वाटतो?"

मामंजी म्हणाले, "'डॉक्टर' तेवढं नवीन आहे. बाकी लग्नातलंच."

"मग मेंदू उत्तम आहे," डॉक्टर म्हणाले.

मामंजी रिकाम्या डब्याला झाकण लावत उभे राहिले. झाकण साधं होतं, फिरकीचं. ते त्यांना बराच वेळ लागेना.

घरी आल्यावर मी सासूबाईंना विचारलं, "आई, भुलीत असताना कुठे असल्यासारखं वाटलं?"

"कुठे म्हणजे?" त्या म्हणाल्या. "डॉक्टर म्हणाले, आकडे मोजा. मी तीन म्हटलं आणि चार म्हणायच्या आत कोणीतरी म्हणालं, पूर्ण नाव सांगा. मधे काही नव्हतंच."

मला तेव्हा ते उत्तर थातूरमातूर वाटलं. झोपेतून उठल्यावर निदान रात्र गेल्याचं कळतं, अंगाला, डोळ्यांना. भुलीत तेही नाही. दोन क्षण एकमेकांना टाके घालून जोडलेले, आणि मधला कापडाचा तुकडा कुठे गेला ते शिवणाऱ्यालाच ठाऊक. माझ्या स्वतःच्या वाट्याला ते आल्यावर कळलं, की सासूबाई अगदी नेमकं बोलल्या होत्या.

कारण मी 'तेव्हा' म्हटलं आणि त्याला लागूनच ती पोरगी म्हणाली, "आजी, ऐकू येतंय? पूर्ण नाव सांगा."

कपाळाची पट्टी अजून होती. मला खोडी सुचली. डोळे मिटलेलेच ठेवले आणि पापण्यांखाली बुबुळं फिरवली, चांगली वर, मग खाली.

"आजी, डोळे शांत ठेवा, सिग्नल बिघडतोय," ती म्हणाली.

हुशार आहे. मी ओळखायला केवढा उशीर लावला होता. मग मी शहाण्यासारखं माझं नाव सांगितलं, आणि मधल्या नावापाशी आले.

ते पुढे येईना. औषधामुळे नव्हे, मला सगळं लख्ख कळत होतं. नवऱ्याला जाऊन काही वर्षं झाली आहेत. तेव्हापासून ते नाव मी लिहिते, बँकेत, सोसायटीत, कुठेकुठे. पण तोंडाने घ्यायचं कारण पडलेलं नव्हतं. हाक मारायला कोणी असावं लागतं. आणि आता जबडा आपोआप मिटला, दातांवर दात घट्ट बसले. सासूबाई कशाला धरून बसल्या होत्या ते मला माहीत आहे, असं मी इतकी वर्षं समजत आले होते.

"आजी?" पोरीच्या आवाजात 'नसेल ना' आलं.

"उतरलंय गं औषध. थांब जरा."

मग मी नाव घेतलं. उखाण्यात नाही, मला कधी जमलेच नाहीत. नुसतं घेतलं, तिसऱ्या मजल्यावरून खाली पोचेल एवढ्या आवाजात. कोथिंबीर आणायला सांगावी तसं.

पडद्यापलीकडून एक सिस्टर धावत आली. "आजी, त्या नावाचे कोणी पेशंट इथे नाहीत."

"माहीत आहे," मी म्हटलं.